किड्यांच्या वाट्याची मोहरी

पुष्करणी नगरीत बलमित्र राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका माळ्याच्या घरी जन्मला आणि पुढे राजाचा मुळ्याचा मळा त्याच्या हाती आला. दर हिवाळ्यात मळ्यावर माव्याची बारीक कीड पडे, पाने चिकट होऊन आक्रसत, आणि राजाच्या ताटात मुळ्याऐवजी माळ्याची रडगाणी जात.

बोधिसत्त्वाची बायको सेतिका जेवणाआधी कावळ्याला घास ठेवी. एकदा घास ठेवायचा राहिला, तर कावळ्याने थेट ताटातच चोच घातली! बोधिसत्त्व हसला. ज्याचा वाटा त्याला आधी दिला तर तो आपल्या ताटात येत नाही, हे त्याच्या मनात पक्के बसले. त्या वर्षी मुळ्याच्या पंधरा दिवस आधी त्याने वाफ्यांच्या कडेने मोहरीच्या ओळी पेरल्या. त्या किड्यांच्या वाट्याच्या. मोहरी वाढली आणि माव्याने नुसती लदबदली. मुळा मात्र स्वच्छ राहिला.

सगळ्या बागांचा अधिकारी होता सुनीथ. पायाला चिखल न लावता उंटावरून शेळ्या हाकणारा हा गृहस्थ बोधिसत्त्वाला पाण्यात पाही. मोहरी पाहताच तो राजाकडे धावला. माळ्याने कीड पाळली आहे, त्याला हाकलून द्या, म्हणाला.

राजाने दोघांना बोलावले. बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, अर्धा मळा यांनी सांभाळावा, अर्धा मी. एकवीस दिवसांनी मुळाच काय ते सांगेल."

"ठीक. ज्याचा मुळा जाईल, त्याने नगर सोडावे," राजा म्हणाला.

सुनीथाने त्याच दिवशी आपल्याकडची मोहरी उपटून बांधावर फेकली आणि मिशीवर ताव दिला. पण मोहरी सुकली म्हणून मावा थोडाच उपास धरणार? तो मुळ्यावर चढला. राख झाली, धूर झाला, काही उपयोग नाही. इकडे बोधिसत्त्वाच्या मोहरीवर लाल पाठीचे ढालकिडे जमले आणि माव्यावर ताव मारू लागले.

बाराव्या दिवशी सुनीथ वाफ्यात बसून रडताना दिसला. बोधिसत्त्वाने नऊ दिवस गप्प बसायचे, की वैरी आपोआप टळणार होता. पण त्याला ते बघवेना. तो ढालकिड्यांनी भरलेल्या मोहरीच्या फांद्या कापू लागला. सेतिका धावत आली. "अहो, आपले राखणदार त्याला दिले आणि आपलाच मुळा गेला, तर कुठे जायचं आपण?"

"त्यालाही घरदार आहे, सेतिके," तो म्हणाला आणि सूपभर फांद्या सुनीथाच्या वाफ्यांत ठेवून आला.

एकविसाव्या दिवशी राजा आला. बोधिसत्त्वाचा मळा हिरवागार डोलत होता, आणि सुनीथाच्या आक्रसलेल्या झाडांनाही नवी, सरळ पाने फुटली होती. सुनीथाने सगळ्यांदेखत आपली चूक सांगितली आणि तो जायला निघाला. बोधिसत्त्वाने त्याचा हात धरला. "महाराज, अट मुळा जाण्याची होती. मुळा कुणाचाच गेला नाही. मग माणसाने का जावे?"

राजाने एक मुळा उपटून, धुऊन कचकन चावला आणि खदखदून हसला. नगरीतल्या सगळ्या बागा त्याने बोधिसत्त्वाकडे सोपवल्या. सुनीथ त्याच्या हाताखाली वाफे बांधायला शिकला, आणि त्या नगरीत मोहरीच्या ओळीवाचून कुणी भाजी लावीना. सेतिकेने त्या दिवशी कावळ्याला दोन घास ठेवले.

एवढे सांगून शास्ता, भगवान बुद्ध, समोर बसलेल्या एका भिक्षूकडे पाहत म्हणाले, "भिक्षूंनो, काल विहाराच्या मळ्यात माळ्यावर ओरडला तो हा भिक्षू तेव्हा सुनीथ होता. आपल्याला रोज भाजी देणारी उपासिका सेतिका होती, तिचा वृद्ध पिता राजा होता, आणि माळी मीच होतो. दुसऱ्याचा वाटा आधी काढून ठेवणे हे दान. तो वैऱ्यासाठीही काढावासा वाटणे, ही मैत्री."