काजळीवाली कोंडाई

करंजवंगणात घड्याळ यायच्या आधीची, फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नये. सांगणारे दर वेळी नवा आकडा सांगतात आणि ऐकणारे दर वेळी मान डोलावतात. एवढं मात्र खरं, की तेव्हा सगळं गाव ओढ्याच्या अलीकडे होतं आणि पलीकडे एकच घर होतं, कोंडाईचं.

कोंडाईचा नवरा तरणाच गेला. मागे राहिली थोडी हलकी, डोंगरउताराची वरकस जमीन, एक शेळी, भुंग्या नावाचा म्हातारा कुत्रा, जिवली नावाची कुत्री आणि काजळी कोंबड्या. काजळी म्हणजे जातच तशी. पिसं तव्याच्या बुडासारखी काळी, पायांनाही पिसं, तुरा गुंजेएवढा. अंडी कमी द्यायची, पण एकदा खुडूक होऊन अंड्यांवर बसली की वरून छप्पर पडलं तरी उठायची नाही. कोंडाई लग्न होऊन आली तेव्हा आईनं टोपलीत घालून एक काजळी तिच्याबरोबर दिली होती. सोनं मोडून खा, पण ही जात मोडू नकोस, एवढंच आई म्हणाली होती. पुढे आई गेली, माहेर उठलं, त्या गावात काजळीचं पीसही उरलं नाही. कोंडाईच्या अंगणात मात्र ती नांदत होती, आणि कोंडाईला वाटायचं, आई अजून गेलेली नाही.

कुत्री आणि कोंबड्या एकाच अंगणात, म्हणून लोक हसायचे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, म्हणायचे. पण कोंडाईची एक रीत होती. कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे उघडले, की ती त्याला उचलून खुडूक कोंबडीच्या तोंडाशी धरायची. खुडूक कोंबडी म्हणजे साक्षात दुर्वास. ती पिल्लाच्या नाकावर अशी चोच हाणायची, की ते केकाटत आईकडे पळायचं. एकदाच. पुढे जन्मभर ते कुत्रं कोंबडीला शिवायचं नाही, समोरून आली तर वाट सोडायचं. कोल्हा, मुंगूस आलं तर मात्र डोंगरापर्यंत पिटाळायचं. असं म्हणतात, भुंग्याच्या जेवणात कोंबडी शिरली, तर तो मागे सरून तिचं होईपर्यंत थांबायचा.

ह्या शहाण्या रीतीनंच पुढे घात केला.

त्या वर्षी आश्विनात खोऱ्यात मानमोडी आली. हा कोंबड्यांचा रोग. कोंबडी मान वाकडी करायची, जागच्या जागी गोल फिरायची आणि दोन-तीन दिवसांत पडायची. बघता बघता गावातली खुराडी रिकामी झाली. पहाटे आरवायला कोंबडा उरला नाही, आणि बायका जात्यावर उशिरा बसू लागल्या. भगतानं कौल लावला आणि उतारा द्या म्हणाला. उतारा म्हणजे एका आजारी कोंबडीला हळदकुंकू लावायचं, गळ्यात काळा दोरा बांधायचा आणि तिला शिवेबाहेर जिवंत सोडायचं. ती जाताना गावाची पीडा घेऊन जाते. सोडणाऱ्यानं मागे वळून बघायचं नाही.

गेनू पाटलांनी आपल्याच घरची कोंबडी उतरवली आणि ओढ्यापलीकडे सोडली. पाटील कोंडाईचे चुलतदीर. माणूस वाईट नव्हता. गावाची शीव ओढ्याशी संपते, एवढं त्यांना ठाऊक होतं. पलीकडे कोंडाई राहते, हे मात्र त्या दिवशी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

ती कोंबडी लटपटत कोंडाईच्या अंगणात गेली. भुंग्यानं तिला पाहिलं आणि वाट सोडली. जिवली गाभण होती, सावलीत पडली होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली टेकली. परका माणूस असता तर त्यांनी बांधावरच अडवला असता. पण ही कोंबडी होती, आणि कोंबडीला शिवायचं नाही हे त्यांना कोंडाईनंच शिकवलं होतं.

कोंडाई रानातून परतली तेव्हा ती कोंबडी काजळींबरोबर दाणे टिपत होती. तिच्या गळ्यातला काळा दोरा पाहताच कोंडाईनं ओळखलं, हा गावाचा उतारा. तिनं तिला वेगळं डालून ठेवलं, पाण्याची भांडी राखेनं घासली, अंगण पुन्हा सारवलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. चौथ्या दिवशी कोंबडा गेला. मग रोज एक, कधी दोन. प्रत्येकीला कोंडाईनं बांधाकडेला खोल पुरलं, वर दगड रचले, आणि प्रत्येकीपाशी ती रडली. कोंबडीसाठी कोण रडतं, असं म्हणणाऱ्यानं आईच्या हातची शेवटची वस्तू स्वतःच्या हातानं मातीत घालून बघावी.

शेवटी एकच उरली. चुलीमागच्या कोपऱ्यात, टोपलीत, अकरा अंड्यांवर बसलेली खुडूक. कोंडाईनं तिला रोग दारात यायच्या आधीच बसवलं होतं. गडगडाटानं अंडी खराब होऊ नयेत म्हणून टोपलीत कोळसा आणि लोखंडाचा खिळाही ठेवला होता. आता तिनं दार लावून घेतलं आणि कोणाला आत येऊ दिलं नाही. पण खुडूक कोंबडी दिवसातून एकदा चाऱ्यापाण्याला उठतेच, आणि दार लागायच्या आधी ती अंगणात जाऊन आली होती. अंड्यांवर बसवल्यापासून पंधराव्या दिवशी कोंडाईनं टोपलीत पाहिलं, तर तिची मान एका बाजूला कलली होती.

अंडी अजून उबदार होती. फुटायला सहा दिवस हवे होते. आणि सगळ्या खोऱ्यात खुडूक सोडा, साधी कोंबडी राहिली नव्हती.

कोंडाईनं अंडी कोमट पाण्यानं पुसली, ओटीत बांधली आणि भिंतीला टेकून बसली. शेळी ओरडत राहिली, चूल पेटली नाही. दिवस कलला तेव्हा तिला डुलकी आली, आणि ती दचकून जागी झाली. आपल्याच्यानं सहा दिवस हे होणार नाही, हे तिला कळून चुकलं.

जिवली दोनच दिवसांपूर्वी पडवीत, पेंढ्यात व्याली होती. चार पिल्लं होती. कोंडाई तिच्यापाशी बसली आणि एक अंडं तिच्या नाकापुढे धरलं. कोंबडीला शिवायचं नाही हे जिवलीला माहीत होतं. अंड्याचं तिला कोणीच काही शिकवलं नव्हतं, आणि बाळंतीण कुत्रीची भूक काय असते हे कोंडाईनं पाहिलेलं होतं. जिवलीनं अंडं हुंगलं. मग पिल्लाला चाटावं तसं ते चाटलं आणि नाकानं पोटाकडे ढकललं. कोंडाईनं एकेक करून अकराही अंडी तिच्या कुशीत ठेवली.

असं म्हणतात, त्यानंतर सहा दिवस जिवली जागची हलली नाही. कोंडाई तिला हातानं पेज भरवायची. अंड्यांवर कोळशानं खूण केली होती, त्या खुणेवरून ती सकाळ-संध्याकाळ अंडी फिरवायची. असंही म्हणतात, की पिल्लं दूध प्यायची पण अंड्याला पाय लावायची नाहीत. हे किती खरं मानायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, कारण एक अंडं फुटलंच.

इकडे गावात भगतानं पुन्हा कौल लावला. रोगाचं मूळ अजून जितं आहे, म्हणाला, ओढ्यापलीकडे काजळीचं बी शिल्लक आहे, ते जाळा. ज्याचं सगळं गेलं त्याला दुसऱ्याचं उरलेलं खुपतं. सहाव्या दिवशी भरदुपारी पाटील, भगत आणि दहा-बारा माणसं काटक्यांचा भारा आणि निखाऱ्याचं गाडगं घेऊन ओढा उतरली. भुंग्या बांधावर उभा राहून भुंकला. ते त्याला दगडांनी मारतील, हे कोंडाईला दिसत होतं. तिनं त्याला धरून खांबाला बांधलं.

तिला भीती वेगळीच होती. अंड्यातलं पिल्लू बाहेर यायच्या आधी आतून बोलू लागतं. सकाळपासून दोन अंडी बोलत होती.

माणसांनी घर धुंडाळलं, टोपली उपडी केली, माळ्यावर चढून पाहिलं. काही सापडेना. मग भगत पडवीत आला. जिवलीची पिल्लं दुधासाठी कुईकुई करत होती, आणि त्यांनी थांबू नये म्हणून कोंडाई जिवलीपुढे उभी राहून मनात देवाला विनवत होती. पण पिल्लंच ती. पोट भरलं आणि झोपली. पडवीत शांत झालं, आणि जिवलीच्या पोटाखालून बारीक आवाज आला. चिव.

पाटील पुढे झाले. "वैनी, बाजूला व्हा. गावाच्या भल्याचं हाय."

कोंडाई हलली नाही. "भावजी, तुमी उतारा सोडला त्यो माझ्या अंगणात आला. माझ्या कुत्र्यांनी त्याला अडवला न्हाय, कारण कोंबडीला शिवायचं न्हाय हे म्याच शिकवलंय. माझा गुन्हा तेवढाच. अंडी न्यायची तर तुमच्या हातानं काढा. दुसऱ्याला फुडं करू नका."

पाटलांनी ओढ्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे पाहिलं. कोंबडी सोडताना मागे वळून न बघितलेलं त्यांना आता सगळं दिसलं. पण पाठीशी गाव उभं होतं. त्यांनी बाही वर सारली, उकिडवे बसले आणि कुत्रीच्या पोटाखाली हात घातला.

जिवलीनं त्यांचं मनगट तोंडात धरलं. दात टेकले, रुतले नाहीत. ती गुरगुरलीसुद्धा नाही. पाटलांनी हात ओढला की पकड घट्ट व्हायची, सैल सोडला की सैल. एकानं काठी उगारली, तर पाटील म्हणाले, मारू नका, माझा हात जाईल. आणि तो हात होता अंड्यांवर.

असं म्हणतात, डोक्यावरचा सूर्य डोंगराकडे कलेपर्यंत पाटील तसेच बसून होते. गाडग्यातल्या निखाऱ्यांची राख झाली. कोणी बसलं, कोणी पाणी प्यायला ओढ्यावर गेलं, पण घरी कोणी गेलं नाही. आणि पाटलांच्या तळव्याखाली एक अंडं हललं. आतून टोच लागली. कवच तडकलं, आणि ओलं, गरम, काळं काहीतरी त्यांच्या मुठीत शिरून थरथरू लागलं. मग दुसरं. मग तिसरं. पाटील रडले असं गाव सांगतं. पाटलांच्या घरचे म्हणतात, तो घाम होता.

"जित्तं हाय," पाटील मागे न बघता म्हणाले. "रोगाचं मूळ असतं तर जित्तं निघालं नसतं." आणि थोड्या वेळानं, हळू आवाजात, "वैनी, पीडा आमची व्हती. तुमच्या दारात आमी टाकली."

तेव्हा जिवलीनं त्यांचा हात सोडला. मनगटावर दातांचे ठसे होते, रक्ताचा थेंब नव्हता.

दहातली सात पिल्लं जगली. असं म्हणतात, आकाशात घार दिसली की ती पंखाखाली नव्हे, कुत्रीच्या पोटाखाली शिरायची. त्या सातांपासून पुढे सगळं खोरं काजळींनी भरलं. कोंडाईनं मागेल त्याला अंडी दिली, भगतालाही दिली. तिनं जात मोडू दिली नाही. पुढे भुंग्या गेला, जिवली गेली, आणि खूप म्हातारी होऊन कोंडाईही गेली. तिच्या घराच्या जागी आता नुसतं रान आहे.

पण करंजवंगणात त्या दिवसापासून उतारा शिवेबाहेर गेलेला नाही. ज्याच्या खुराड्यात रोग येतो, तो काळा दोरा आपल्याच दाराला बांधतो आणि रोग सरेपर्यंत आपली कोंबडी आपल्याच अंगणात ठेवतो. शेजारी त्याला बांधावर भाकरी आणून देतात. रोग सरला, की घरटी एक अंडं त्या घरच्या बाईच्या पदरात घालतात. त्याला कोंडाईची ओटी म्हणतात. पहिलं अंडं पाटलांच्या घरचं असतं. देणारा बाही वर सारतो आणि आधी रिकामा हात त्या घरच्या कुत्र्यापुढे धरतो. कुत्र्यानं हुंगून तोंड फिरवलं, तरच अंडं ओटीत पडतं. नाहीतर पाटलानं तसंच उभं राहायचं, कितीही वेळ लागला तरी.