कोळसुंद्यांची आई

सगूचं जेवण रोज वेगळ्या घरी असे. डोंगराच्या कुशीत एक इवलीशी वाडी होती, गवतानं शाकारलेली मोजकी घरं, आणि त्यात आईबाप नसलेली ही एकटी चिमुरडी. म्हणून वाडीनं ठरवून दिलं होतं, सगू आज या चुलीपाशी जेवेल, उद्या त्या. कुणी वाईट नव्हतं. भाकरी गरम मिळायची, तिच्यावर लोण्याचा गोळाही असायचा. पण जेवणं झाली की घरातलं प्रत्येक लेकरू कुणाच्या ना कुणाच्या कुशीत शिरायचं, आणि सगू आपली ताटली विसळून बाहेर जायची.

वाडीच्या वरच्या रानात कोळसुंदे राहत. कोळसुंदे म्हणजे रानकुत्री. मावळतीच्या उन्हासारखं तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, गोल गोल कान. ती भुंकत नाहीत, शीळ घालतात. त्यांनी सांबर पाडलं की रानातून शिळांवर शिळा यायच्या, आणि वाडीची माणसं जर्मनची पातेली बडवत धावत सुटायची.

"देवाच्या कुत्र्यांनी वाटा ठेवला रे! चला, चला!"

गलका ऐकून कोळसुंदे बाजूला व्हायचे, माणसं मांस घेऊन यायची. ही वाडीची जुनी रीत. सगू सगळ्यांच्या पुढे धावायची, कारण त्या दिवशी तिला प्रत्येक चुलीवरून हाक यायची. देव आपल्यासाठी वाटा ठेवतो असं सगळ्यांना अगदी मनापासून वाटे. कुत्र्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी उन्हं लवकर तापली. तोंडचा घास सारखा जाऊ लागला तेव्हा उपाशी कोळसुंदे खाली उतरले आणि त्यांनी खिमाईची पारडी मारली. खिमाईला नवरा नव्हता, मूल नव्हतं. होती ती एवढी एक म्हशीची पारडी, हातानं दूध पाजून वाढवलेली, तिच्या हाकेला कान हलवणारी. खिमाई दिवसभर रडली. मग डोळे पुसून उठली आणि पारडीच्या उरलेल्या मांसावर तिनं उंदराच्या औषधाची पूड भुरभुरवली.

त्यानंतर रानातून शीळ आली नाही.

सगू काटक्या वेचायला वर गेली होती. काटेसावरीच्या झाडाखाली, खडकाच्या कपारीतून, अगदी बारीक आवाज आला. तिनं वाकून पाहिलं. आत तीन पिल्लं होती. काजळासारखी काळपट, मुठीएवढी, एकमेकांच्या अंगावर चढून थरथरणारी. सगूला सगळं कळलं. ती तिथंच बसली आणि हमसून हमसून रडू लागली.

तेव्हा सावरीच्या शेंड्यावरून एक लालचुटूक फूल सुटलं. सावरीचं फूल खरं तर धप्पकन पडतं. हे गिरक्या घेत घेत, अलगद, सगूच्या गुडघ्यावर उतरलं, आणि ती परी होती! परी म्हटलं की आधी पंख विचारले जातात. होते, अगदी सावरीच्या कापसाचे, शुभ्र आणि रेशमी. घागरा लाल पाकळ्यांचा, कपाळावर दवाचा टपोरा थेंब, आणि ती हलली की भोवती सोनेरी परागांची बारीक धूळ उडे.

"रडतेस कशाला गं, सगूबाळ?"

"यांची आई मेली."

"हो," परी म्हणाली. पऱ्यांना खोटं बोलता येत नाही. "माझ्या घागऱ्याच्या तीन पाकळ्या तुला देते. एका पाकळीला एक मागणं. पण सावरीची बोंडं फुटून कापूस उडेपर्यंतच. मग मी नसेन."

सगूनं डोळे पुसले. "एक मी माझ्यासाठी ठेवली तर चालेल?"

"ठेव की. काय मागशील?"

"मला कुणाची तरी व्हायचंय."

"गेलेलं माणूस मला आणता येत नाही, बाळा."

"ठाऊक आहे. कुणाचीही चालेल."

मग तिनं पहिली पाकळी हातात घेतली आणि म्हणाली, "यांना रोज पोटभर मिळू दे."

पाकळी वितळली, खडकाजवळ कोवळं मांस आलं. परीनं बोट वर केलं. "आता नियम ऐक. रोज तू त्यांना वाढायचंस, पण हात लावायचा नाही. नाव ठेवायचं नाही. ती तुझ्याकडे धावत येतील असं काही करायचं नाही."

"मग मी त्यांची आई कशी?"

"अशीच," परी हळूच म्हणाली. "ज्याला माणसाचा लळा लागतो, त्याची माणसाची भीती जाते. आणि भीती गेलेला कोळसुंदा जगत नाही. सगळी माणसं सगू नसतात."

माणसाचा वास येऊ नये म्हणून सगू रोज अंगाला रानतुळशीचा पाला चोळून जायची, मांस कपारीशी ठेवायची आणि लांबच्या दगडामागे बसून बघायची. पिल्लांचा काजळरंग उतरला, खालून तांब्याचा रंग उजळला. इवल्या शेपट्यांना इवले झुपके फुटले. ती एकमेकांचे कान ओढत, कोलांट्या खात, आणि शीळ घालायला जाऊन नुसतीच फुर्र करत. हसू आलं की सगू ओंजळीत तोंड लपवायची. वाढताना बघायचं आणि जवळ घ्यायचं नाही! हे कुणाला जमतं? मला विचाराल तर दुपारपर्यंतही नाही.

मग होळी आली. प्रत्येक आईनं आपल्या लेकराला कडेवर घेऊन होळीभोवती फिरवलं. पुरणपोळ्यांच्या गडबडीत सगूची पाळी कुणाकडे आहे हेच सगळे विसरले. कुणी मुद्दाम नव्हतं केलं, म्हणून तर रागावताही येईना. दुसऱ्या दिवशी ती उपाशीच वर गेली, मांस ठेवलं, आणि त्या दिवशी दगडामागे न जाता तिथंच बसली.

सगळ्यांत छोटं पिल्लू दुडुदुडु आलं आणि तिच्या मांडीत शिरलं. ऊबदार, मऊमऊ, धडधडणारं.

सगूनं हात लावला. "गुंजू," ती म्हणाली. "माझा गुंजू."

फक्त तेवढंच. पण त्या दिवसापासून ती दिसली की दोन पिल्लं झुडपात पळायची, आणि गुंजू शेपटी हलवत तिच्याकडे धावायचा. सगूला त्याचा आनंद व्हायचा आणि भीतीही वाटायची.

परी रागावली नाही. तेच जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, "मांस पाकळीनं आणलं गं, शिकार करायला कोण शिकवणार?"

सगूनं दुसरी पाकळी हातात घेतली. "यांना कळप मिळू दे."

"येईल पलीकडच्या दरीतून. पण इथं टिकणं माझ्या हातात नाही, ते तुमच्या वाडीच्या हातात आहे."

आणि एका सकाळी रान पुन्हा शीळ घालू लागलं! उंच, बारीक, चांदीच्या तारेसारखी शीळ. वाडीत एकच धांदल उडाली. पातेली निघाली.

"वाटा आला! देवाचा वाटा आला!"

पाऊलवाटेवर सगू दोन्ही हात पसरून उभी होती.

"सरक गं पोरी," लखूकाका म्हणाले. वाडीत त्यांचा शब्द चाले. "थंड होईल तिकडं सगळं."

"तो आपला वाटा न्हाई, काका. त्यांचं जेवण हाय."

"त्यांचं जेवण! मग आमच्यासाठी काय, पंगत मांडलीय का त्यांनी येगळी?" कुणीतरी हसलं.

खिमाई पुढे आली. "आली मोठी कोळसुंद्यांची आई! माझी पारडी खाल्ली तवा कुठं होतीस गं?"

"तुमच्यासंगं पातेलं घेऊन पळत होते," सगू म्हणाली. "आपण सारखं घेऊन आलो त्यांच्यापुढचं. मग ती खाली आली. पारडी आपण सगळ्यांनीच मारली, खिमाई."

कुणी काही बोलणार, एवढ्यात झुडूप हललं आणि गुंजू बाहेर आला. एवढी माणसं बघूनही घाबरला नाही. पोरं आनंदानं ओरडली, "पाळू या! ह्याला पाळू या!" कुणी तर दावं आणायला पळालंसुद्धा.

गुंजू सगळ्यांचे पाय हुंगत हुंगत खिमाईपाशी आला. मान वर करून त्यानं तिच्याकडे बघितलं, शेपटी हलवली, आणि तिचा हात चाटू लागला. पूड टाकली होती तो उजवा हात.

खिमाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"ह्याला ने," ती पुटपुटली. "सगे, ह्याला ने गं हितनं. ह्याला काय बी कळंना. हा माझाच हात चाटतोय."

तिनं काखेतलं पातेलं खाली ठेवलं आणि ती पाऊलवाटेवर सगूशेजारी उभी राहिली. "फिरा माघारी," ती म्हणाली. कुणी हललं नाही. तशी ती ओरडली, "फिरा म्हणते ना! त्यांच्या तोंडचं आणायचं न्हाई. आजपास्नं न्हाई."

लखूकाकांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी आपलं पातेलं उलटं धरलं आणि ते खाली चालू लागले. त्यांच्यामागून बाकीचे गेले. रानानं त्या दिवशी आपला घास आपण खाल्ला.

सगू गुंजूला घेऊन वर गेली. सावरीची बोंडं फुटली होती. पांढरा कापूस हवेत तरंगत होता, पानांवर, दगडांवर, सगूच्या केसांवर उतरत होता. समोरच्या डोंगराच्या धारेवर नवा कळप उभा होता, आणि त्याच्यात गुंजूची दोन्ही भावंडं. ती शीळ घालून त्याला बोलवत होती. गुंजूनं कान टवकारले, आणि तो सगूच्या पायावर डोकं ठेवून बसला.

"जा ना रे," सगू म्हणाली. त्यानं शेपटी हलवली.

परी आता फिकट झाली होती, घागऱ्याला एकच पाकळी. "कळप थांबणार नाही, सगू. आणि मीही."

सगूनं शेवटची पाकळी हातात घेतली. तिच्यासाठी ठेवलेली. आता मागितलं तर गुंजूच तिचा होईल, कायमचा. दाव्याला बांधलेला, ज्याच्या त्याच्या हाताशी शेपटी हलवत जाणारा. आणि सगळ्यांचे हात...

तिनं त्याच्या कानामागे एकदा खाजवलं. मग डोळे गच्च मिटले.

"त्याला माझा विसर पडू दे."

पाकळी वितळली. गुंजूनं डोकं उचललं, सगूकडे पाहिलं आणि दचकला. नाक आक्रसलं, मानेवरचे केस उभे राहिले. तो मागे मागे सरकला, गुरगुरला, आणि वळून तीरासारखा सुटला. धारेवर सगळी अंगं एकमेकांत मिसळली. मग सोनेरी गवत हललं आणि थांबलं.

"मला पण विसरता येईल का गं?" सगूनं विचारलं.

"पाकळ्या संपल्या, बाळा." परीनं तिच्या गालाला पंख लावला. "आणि त्याचं लहानपण कुणाला तरी आठवायला हवं. त्याला तर ते आठवणार नाही."

वारा आला. झाडावरचा सगळा कापूस एकदम उडाला, त्यात ऊन शिरलं, आणि सगळा डोंगर क्षणभर दुधासारखा उजळला. त्या उजेडात परी हसली, मग विरळ झाली, मग नुसता उजेडच राहिला. मग तोही ओसरला.

सगू एकटीच बसून राहिली. खूप वेळानं पाऊलवाटेवर कुणीतरी धापा टाकत वर येताना दिसलं. खिमाई होती.

"बसली होय हितं," ती म्हणाली आणि शेजारी टेकली. तिनं सगूच्या केसांतला कापूस वेचायला हात पुढे केला.

सगू मागे सरकली. "हात नको लावू, खिमाई. लळा लागतो."

खिमाईनं तिला ओढून मांडीवर घेतलं.

"लागू दे," ती म्हणाली.