चितारी, चिमाबाई आणि पोपटांचं गाडगं

नदीकाठच्या गावात दाजीबा नावाचा एक चितारी होता आणि चिमाबाई नावाची त्याची बायको. दोघांचा जन्म नाटकवाल्यांच्या चाकरीत गेला. दाजीबा पडदे रंगवी. त्याच्या पडद्यावरचा राजवाडा इतका खरा दिसे की एकदा एक म्हातारी वहाणा काढून त्याची पायरी चढायला निघाली! चिमाबाई कागदाच्या लगद्याचे मुकुट करी आणि त्यांवर बेगड चढवी. लांबून पाहणाऱ्याची काय बिशाद, ते सोनं नाही म्हणायची!

म्हातारपणी हात थरथरू लागले, तेव्हा दोघांनी धंदा सोडला आणि भलताच नाद धरला. गावोगाव हिंडायचं आणि जुनी मातीची भांडी गोळा करायची. घर रांजणांनी आणि मडक्यांनी भरलं. लोक हसत, "अहो, खापरं कसली जमवता?" हसेनात का! जन्मभर खोटं रंगवून दोघांचा जीव विटला होता. त्यांना आता खरी वस्तू हवी होती.

त्या सगळ्यांत लाडकं होतं एक तुपाचं गाडगं. त्याच्या काठाखाली पोपटांची रांग होती. केरबा कुंभाराच्या आईने ते घडवलं होतं. ती वारली आणि तिच्या हातचं एवढं एकच उरलं. "माझ्या घरी पोरं फोडतील, तुमच्याकडे जपून राहील," असं म्हणून केरबाने ते आपणहून आणून दिलं होतं.

पुढे केरबाच्या मुलीचं लग्न ठरलं. तो येऊन म्हणाला, "दाजीबा, लग्नापुरतं आईचं गाडगं द्या. आजीचा हात नातीच्या मांडवात असू दे." नाही कसं म्हणणार? दिलं. लग्न झालं आणि केरबाने ते धुऊन-पुसून परत आणलं. सोबत लाडूही आणले.

केरबाची पाठ वळली मात्र, दाजीबाने गाडगं उजेडात धरलं.

"चिमे, हे जरा जास्तच उजळ दिसत नाही?"

"धुतलंय ना त्यांनी."

"धुतल्यावर पोपटाची मान वळते होय? हा आधी असा बघत नव्हता."

चिमाबाईने निरखून पाहिलं. आता तिलाही तो पोपट लबाड दिसू लागला. "अहो, कुंभारच तो," ती म्हणाली. "दुसरं करायला त्याला कितीसा वेळ? मी नाही का एका मुकुटावरून पाच केले?"

झालं! आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात, ते हे असं. संशयाचं भूत मानगुटीवर बसलं. केरबाचे लाडू मुंग्यांनी खाल्ले. तो वाटेत राम राम म्हणाला, की दाजीबा म्हणे, "बघ, चोर कसा गोड बोलतो!" आणि दिसला नाही, की चिमाबाई म्हणे, "तोंड लपवतोय मेला." माणसाने करावं तरी काय?

शेवटी दाजीबाने खिळा घेतला. बुडाशी जरा खरवडून आतली माती बघू, एवढंच. खरवडता खरवडता हात थरथरला आणि गाडग्याची खापरं झाली.

त्या खापरांना जुन्या तुपाचा वास येत होता. वर्षानुवर्षं मातीत मुरलेलं तूप ते. नव्या गाडग्यात कुठून येणार? गाडगं तेच होतं.

चिमाबाई खापरं पदरात गोळा करू लागली. "अगं बाई! काय केलं हो आपण हे!"

दोघं खापरं घेऊन केरबाकडे गेली आणि रडत रडत त्याला सगळं सांगितलं, संशयासकट. दाजीबा त्याच्या पायांशी वाकला. केरबाने पाय मागे घेतले. त्याचे डोळे भरून आले होते.

"हातातून पडून फुटलं असतं, तर मीच म्हणालो असतो, मातीचंच होतं, जाऊ द्या," तो म्हणाला. "पण गाडगं खरं की खोटं, ते तुम्ही फोडून बघितलंत. आता केरबा खरा की खोटा, ते काय फोडून बघणार?"

केरबाने आईची खापरं उपरण्यात बांधून घेतली. तेव्हापासून चिताऱ्याच्या घरी कुणी साधी पणतीसुद्धा आणून देत नाही. मागितली, तर लोक म्हणतात, "नको बाबा, उद्या आळ आमच्यावरच यायचा!"

तात्पर्य काय म्हणाल, तर आपल्या हातच्या नकलेवरून दुसऱ्याचा हात ओळखू नये. आणि एकदा आपलं म्हटलं, की भांडं असो वा माणूस, खरवडत बसू नये.