बर्फासारखं पांढरं

उरणजवळच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होतो. तपासणीला आलेल्या साहेबांनी फळ्यावर ‘स्नो-व्हाइट’ लिहिलं. “बर्फासारखं पांढरंशुभ्र. असाच दुसरा शब्द सांगा.”

मिठागरावर राबणाऱ्या म्हात्र्यांची कुंदा उठली. “सॉल्ट-व्हाइट.”

“चूक. पांढरं म्हणजे बर्फच.”

“साहेब, तुम्ही बर्फ पडलेला बघितलाय? मीठ मी रोज बघते.”

मुलं हसली. साहेबांची मर्जी राखायला मी कुंदाला वर्गाबाहेर उभं केलं. ती पुन्हा शाळेत आलीच नाही.

परवा, वयाच्या सत्तरीत, मनालीला पहिल्यांदा बर्फ पाहिला. नातीने फोनवर विचारलं, “कसा दिसतो हो, आजोबा?”

दुसरं काही सुचेना. म्हणालो, “मिठासारखा.”