सरकारांच्या तिकिटांचा डबा

"दसऱ्याला हजार माणसं एकदम तिकीट काढायला आली तरी आमची वेबसाइट अडता कामा नये! आणि कुणी नसेल तेव्हा तिच्यावर दमडीही खर्च होता कामा नये! आठ दिवसांत जमवा. नाहीतर वेबसाइट बंद, आणि ती बनवणारी वैजयंताही घरी!"

दौलतराजे गरजले. त्यांचं संस्थान कधीच विलीन झालं होतं. राज्य उरलं होतं ते राजवाड्यातल्या संग्रहालयापुरतं. हट्ट तेवढा विलीन व्हायचा राहिला होता.

वैजयंता कुंभार संग्रहालयाच्या तिकीटखिडकीवर हंगामी कारकून होती. संगणक शिकलेली. वेबसाइट तिनेच बनवली होती आणि सगळ्या सामानासकट एका कंटेनरमध्ये भरली होती. म्हणजे डबाच म्हणा ना! कुठल्याही यंत्रावर ठेवा, झाकण उघडा, चालू. पण सध्या तो डबा राजवाड्यातल्या जुनाट संगणकावर होता. वीज गेली की तिकिटं बंद!

राजांनी पुण्याहून सरंजामे नावाचे सल्लागार बोलावले. ते चाळीस पानांचा अहवाल घेऊन आले.

"पाच मोठे सर्व्हर घ्यावे लागतील, सरकार. वर्षभर चालू. महिना नव्वद हजार."

"आणि कुणी नसेल तेव्हा?"

"तेव्हाही नव्वदच. प्रतिष्ठेचा प्रश्न आहे!"

राजांना प्रतिष्ठा आवडली, नव्वद आवडले नाहीत. "आठवा दिवस उजाडू दे. मग दोघांचंही बघतो," ते म्हणाले.

वैजयंताने डबा ठेवायला आपल्या संगणकांवर भाड्याने जागा देणाऱ्या कंपन्यांचे दर वाचायला घेतले. एकीचं भाडं स्वस्त, पण गिऱ्हाईक असो-नसो, मीटर चालूच. दुसरीचा पहिला महिना फुकट, दुसऱ्या महिन्याचे दर वाचायला भिंग लागायचं! अखेर एक मनासारखी सापडली, आणि डबा तिने तिथे नेऊन ठेवला.

आठव्या दिवशी सगळे दिवाणखान्यात जमले. वैजयंताने पडद्यावर वेबसाइट लावली.

"सरंजामेसाहेब, या घडीला आपल्या वेबसाइटवर किती माणसं आहेत?"

"अं... ते अहवालात नाही."

"दोन! एक मी, एक सरकार. दोघांसाठी पाच सर्व्हर?"

राजांनी मिशी चाचपली. "हजारांचं काय ते दाखव."

तिने कळ दाबली. हजार खोटी गिऱ्हाइकं वेबसाइटवर तुटून पडली. पडद्यावर एका डब्याचे दोन झाले, दोनाचे पाच, पाचाचे आठ! तिकिटं भराभर निघाली. गर्दी ओसरली तसे डबे मिटत गेले. शेवटी एकही उरला नाही.

"आता भाडं शून्य, सरकार. डबा उघडा असेल तेवढ्यापुरतेच पैसे. आत्ताच्या गर्दीला चहाच्या एका कपाइतका खर्च आला."

"आणि दहा हजार आले तर? बिल आभाळाला भिडेल!" सरंजामे ओरडले.

"आठाच्या वर डबे उघडायचे नाहीत, असं बजावून ठेवलंय. बाकीचे रांगेत थांबतील."

"उद्या त्यांनी भाडं वाढवलं तर?" आता राजांनी विचारलं.

"डबा आपला, जागा त्यांची. उचलायचा आणि दुसरीकडे ठेवायचा!"

सरंजाम्यांनी शेवटचा बाण काढला. "सरकार, ही लबाडी आहे! कुणी नसताना डबा मिटलेला असतो. पहिलं गिऱ्हाईक आलं की तो उघडायला चार सेकंद लागतात. राजवाड्याच्या दारात पाहुण्याला ताटकळत ठेवायचं? चार सेकंद!"

राजांच्या भुवया चढल्या. "खरंय का हे, पोरी?"

"खरंय, सरकार. पण आपल्या भेटीला आलेला माणूस देवडीवर दोन तास बसतो, आणि वर मुजरा करून जातो. तो चार सेकंदांत रुसेल होय?"

राजांचे कारभारी खाली मान घालून सतरंजीची नक्षी मोजू लागले.

आणि मग दौलतराजे हसले! इतके हसले की फेटा कानावर आला.

"कारभारी, वैजयंता आजपासून कायम! तिकीटखिडकी नव्हे, अख्खं संग्रहालय तिच्या हाती!" त्यांनी डोळे पुसले. "आणि सरंजामेसाहेबांना त्यांच्या फीचा चेक द्या. पण आधी दोन तास देवडीवर बसवा!"