कच्चा रांजण

भाविकहो, धर्मगिरी महाराजांचा मुक्काम तेव्हा बोरवंड गावी, शिवालयाच्या ओसरीत होता. महाराज जितके कनवाळू, तितकेच कोपिष्ट. त्यांच्या कोपातही कृपाच असे. पण ते पुढे कळे, आधी अंगाचा थरकाप होई.

गावात येसू नावाची विधवा कुंभारीण होती. चाकाला हात न लावता, माती थापून थापून ती मोठाले जाड रांजण घडवी. चाकावर नाजूक, पातळ मडकी काढणारा गंगाजी कुंभार भर बाजारात तिला हसे. "वहिनी, हा रांजण की गाभण म्हैस?" लोकही खिदळत. शेवटी येसूने थापणे सोडले आणि ती गंगाजीसारखी मडकी चाकावर काढू लागली. सगळी वाकडीतिकडी. त्यातल्या त्यात बरे पाहून एक तिने महाराजांपुढे ठेवले.

महाराजांनी ते उचलून दगडावर आपटले!

"कुणाचं मडकं हे?"

"माझंच, महाराज."

"खोटं! हे गंगाजीचं मडकं, तुझ्या हातून बिघडलेलं. देवानं तुझ्या तळव्यात घातलं ते टाकून दुसऱ्याचं उष्टं मला वाढतेस? चालती हो! रांजण घडवल्याशिवाय तोंड दाखवू नकोस!"

येसू रडत घरी गेली आणि रडतच माती मळायला बसली.

चैत्रात शिवाची यात्रा भरली. विहीर आटलेली. नदीचे पाणी बैलगाड्यांवर पखालींतून आणून रांजणांत साठवायचे ठरले. मान मोठा, म्हणून रांजणांचे काम गंगाजीने मागून घेतले होते. पाणी भरताच त्याचे पातळ रांजण एकामागून एक फुटले! उरली एक पखाल. उन्हात हजारो माणसे, लेकरांचा आक्रोश.

महाराज गरजले, "येसूचा रांजण आणा!"

येसू म्हणाली, "महाराज, त्यो अजून भाजला न्हाई. कच्चाच हाय. पानी घातलं तर चिखल हुईल."

"पाजा आता यात्रेला चिखल!" गंगाजी कुत्सितपणे हसला.

महाराजांचे डोळे लाल झाले. "येसू, भर पाणी!"

शंकराचे नाव घेऊन तिने पखाल ओतली. काय सांगावे! कच्ची माती पाझरलीसुद्धा नाही. दिवस मावळेपर्यंत यात्रा पाणी पीत राहिली, आणि त्या एका पखालीचे पाणी सरले नाही!

गंगाजीने महाराजांचे पाय धरले. महाराजांनी पाय मागे ओढले.

"मला शिवू नकोस! पातळ मडकं काढावं ते तूच. तेवढ्यात तुझं पोट भरलं नाही? तिच्या मानावर डोळा ठेवलास आणि तहानलेल्यांचं पाणी मातीत घातलंस!"

गंगाजी वळला. त्याने येसूच्या मातीने भरलेल्या पायांवर डोके ठेवले. "वहिनी, चुकलो."

"उठा भावजी," येसू कशीबशी म्हणाली.

तेव्हा कुठे महाराजांनी ओंजळ पुढे केली. सकाळपासून त्यांच्या घशाखाली पाण्याचा थेंब गेला नव्हता.