केळ्याचा पोळा आणि बापाचे भय

एका नदीकाठच्या आश्रमात एक प्रौढ शिष्य अध्ययनासाठी येत असे. त्याचे नाव विद्याधर. वर्षापूर्वी त्याचा थोरला मुलगा नदीत बुडाला होता. तेव्हापासून धाकट्या लेकीला, रेवतीला, तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसे. पाठ अर्ध्यात सोडून तो घरी धावे, ती दिसली की परते. तरी छातीतली धडधड थांबत नसे. पोर मात्र दिवसेंदिवस सुकत चालली होती.

एके सकाळी वृद्ध गुरूंनी त्याला स्वयंपाकघरात बोलावले. आंबवलेल्या पिठात पिकलेली केळी आणि गूळ कालवून, जाडसर गोड पोळा करण्यासाठी त्यांनी ते पसरट लोखंडी कढईत ओतले, झाकण घातले आणि झाकणावरही निखारे ठेवले.

"लक्ष ठेव," एवढेच सांगून ते बाहेर गेले.

विद्याधरला राहवेना. करपला तर? त्याने चिमट्याने झाकण उचलले. पोळा फुगू लागला होता. त्याने पुन्हा उचलले, पुन्हा पाहिले. गुरू परतले तेव्हा पोळा मधोमध खचून चिकट झाला होता.

गुरू रागावले नाहीत. त्यांनी उरलेले पीठ ओतले, निखारे रचले आणि चिमटा विद्याधरच्या हाती दिला. "हा अंगणात ठेवून ये."

"गुरुजी, मग झाकण काढायचे कसे? आत करपला तर कळणार कसे?"

"आधी ठेवून ये."

तो परतला आणि चुलीपाशी बसला. आत काय चालले आहे, काहीच दिसत नव्हते. बऱ्याच वेळाने गुळाचा खमंग वास दरवळला. "आता आण चिमटा," गुरू म्हणाले. झाकण निघाले. पोळा कढईच्या काठापर्यंत टम्म फुगला होता.

गुरू म्हणाले, "करपेल ही भीती मलाही होती. झाकून ठेवलेला पोळा कधी करपतोही. पण सारखा उघडलेला पोळा फुगतच नाही. मी वासाकडे लक्ष ठेवून होतो, तूही तेच कर. तुझ्या भयाला तू काळजी म्हणतोस, आणि त्या भयाने पोरीचा श्वास कोंडतो आहे."

विद्याधरचे डोळे भरून आले. "तिलाही काही झाले तर, गुरुजी?"

गुरूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तसे होणार नाही, असे वचन मी देऊ शकत नाही, बाळा."

दुपारी घरी रेवतीने भीत भीत विचारले, "बाबा, मैत्रिणींबरोबर टेकडीवर जाऊ?"

त्याने टेकडीकडे पाहिले. "जा. ऊन उतरायच्या आत ये."

ती धावत सुटली. वळणापलीकडे दिसेनाशी झाली तसा तो उठला, दारापर्यंत गेला आणि चौकट घट्ट धरून उभा राहिला. टेकडीवरून मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता. त्यात रेवतीचा कोणता, हे त्याला ओळखू आले. तो तिथेच उंबऱ्यावर बसला.

जिवलगांसाठी भय वाटणारच. ते आपल्या उरात ठेवावे, त्यांच्या पायात बांधू नये.